बर्फाचे डोहाळे

आमच्या बर्फाच्या कारखान्यात सगळ्यांचेच हात गार असतात, त्यामुळे माझे हात गार पडले तेव्हा कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. मलाही नाही. चेहरा फिका पडला, तर सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "आता कुठे तू आमच्या घरातली दिसायला लागलीस." नखं कडेने तुटायला लागली, तर बर्फाचे डबे बुडवतात त्या मिठाच्या पाण्याने ती तुटतात असं ठरलं. जिना चढताना धाप लागायची, पण पोट पुढे घेऊन जिना चढणाऱ्या बाईला धाप लागणारच. प्रत्येक गोष्टीचं उत्तर आमच्याकडे तयार होतं. आणि तिसऱ्या महिन्यात मी बर्फ खायला लागले, तेव्हा तर घरात नुसता आनंदीआनंद झाला.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर ऐकणारा आम्हाला खुळ्यात काढेल. आमच्या घरात बर्फाचे डोहाळे लागणं हा मान आहे. सासूबाईंना माझ्या नवऱ्याच्या वेळी तेच लागले होते. अख्खी लादी संपवली होती म्हणे त्यांनी, आणि लादी म्हणजे उभी केली तर माझ्या छातीला लागेल एवढी. गोष्ट सांगून झाली की त्या मुलाकडे बोट दाखवायच्या, पुरावा म्हणून. पुरावा दांडगा होता. दारातून आत यायचं तर जरा तिरका होऊन येणारा, आणि दिवसभर कॉम्प्रेसरच्या धडधडीत उभा राहून राहून कुजबुजसुद्धा ओरडून करणारा. सगळे त्याला भोंगा म्हणतात. मीही म्हणते, फक्त जरा लाडाने.

मी शिंप्याची मुलगी, इस्त्रीच्या वाफेत वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा भर उन्हाळ्यात दोन स्वेटर घालून कारखान्यात उभी राहायचे आणि कामगार तोंड फिरवून हसायचे. तीन वर्षं मी त्या घरात पाहुण्यासारखी कुडकुडले. मग दिवस राहिले, आणि एका सकाळी लादी फोडताना उडालेला एक तुकडा मी सहज तोंडात टाकला. काय सांगू. तहान नव्हती, भूक नव्हती, पण तो तुकडा दाताखाली फुटला आणि डोक्यातलं कसलं तरी धुकं क्षणभर बाजूला झालं. मी दुसरा उचलला, मग तिसरा. सासूबाई खुर्चीतून बघत होत्या. त्यांनी आपल्या मांडीवरचं वाडगं माझ्यापुढे केलं.

सासरे गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून सासूबाई कारखाना चालवतात, आणि चालवतात त्या खुर्चीतून. धक्क्यावर, जिथे लाद्या डब्यातून सुटून घसरत येतात तिथे, त्यांची वेताची खुर्ची आहे. मांडीवर बर्फाचं वाडगं, डोळे मिटलेले, तोंडात कुडुम कुडुम चालू. कुणी म्हणायचं बाई झोपल्यात, कुणी म्हणायचं बाई ऐकतायत. दोन्ही खरं असायचं. लादी आतपर्यंत जमली की नाही हे आम्ही बर्फ फोडायच्या टोच्याच्या लाकडी मुठीने ठोकून ओळखतो. जमलेली लादी खणखणीत बोलते, कच्ची असली की आवाज आतल्या आत बुडतो. ठोकायचं काम माझं, पण निकाल सासूबाईंचा. डोळे न उघडता म्हणायच्या, "ही कच्ची. बाजूला काढा." उठायच्या मात्र नाहीत. पाण्याचा पेला हवा असला तरी कुणाला तरी हाक मारायच्या. वय पंचेचाळीसच्या पुढेमागे, पण मालकिणीने कशाला उठायचं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

माझा बर्फ त्या स्वतः निवडायच्या. लादीच्या कडेला बर्फ अगदी स्वच्छ असतो, पलीकडचं दिसतं. मध्ये हवा अडकून पांढरा गाभा तयार होतो. "गाभ्यातला नको, तो भुसभुशीत. हा घे कडेचा," म्हणत त्या टोच्याने अलगद कपच्या काढायच्या. सकाळ संध्याकाळ माझं वाडगं भरलेलं असायचं. सख्ख्या आईनेही माझे एवढे लाड केले नव्हते, आणि मी ते बिनदिक्कत करून घेत होते.

दवाखान्यात नाव घातलं तेव्हा लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. त्या घेतल्या की पोटात ढवळायचं. "मग नको घेऊ," सासूबाई म्हणाल्या, "मी कुठे घेतल्या होत्या?" आणि पुन्हा दारातल्या पुराव्याकडे बोट. पुढे उन्हाळा आला. उन्हाळ्यात आमच्याकडे कुणी आजारी पडत नाही, तेवढी फुरसतच नसते. मासळीवाले, दूधवाले, सरबतवाले पहाटेपासून दारात. तपासणीची तारीख आली आणि गेली, तिच्या पुढचीही गेली.

आणि खरं सांगायचं तर मला त्रास म्हणावा असा काही होत नव्हता. उलट छान चाललं होतं. सगळे आवाज जरा लांबून यायला लागले. कॉम्प्रेसरची धडधड, हातगाड्यांचा खडखडाट, भोंग्याच्या हाका, सगळं जाड पडद्याआडून. कुणी रागावलं तर ते दुसऱ्याच कुणाला तरी रागावतंय असं वाटायचं. बाळ पोटात हलायचं तेही शेजारच्या घरात कुणी कपाट सरकवावं तसं. मी मूळची तोंडाळ, एकाला दोन ऐकवणारी. त्या महिन्यांत मी इतकी शांत झाले की भोंगा म्हणाला, आई होणार म्हणून हिला समज आली. समज कसली, मला बोलायला दम पुरत नव्हता.

दिवसातून कितीदा तरी डोळा लागायचा, उभ्याउभ्यासुद्धा, आणि दर वेळी तेच दिसायचं. मी लादीच्या आत चालले आहे. थंडी नाही. दोन्हीकडे स्वच्छ भिंती, भिंतींपलीकडून आमचाच कारखाना दिसतोय, माणसं तोंडं हलवतायत, आवाज नाही. पुढे पुढे गेलं की मधोमध एक पांढरी खोली. आत कुणीतरी झोपलंय हे मला ठाऊक असायचं. बाळ असेल, असं मी समजत होते. दाराशी पोचायच्या आधी जाग यायची आणि चुटपुट लागायची की आणखी थोडं थांबले असते तर बरं झालं असतं.

एका दुपारी मी थांबलेच. लाद्या ठोकता ठोकता पाय भरून आले म्हणून एका आडव्या लादीशी टेकले, गाल तिच्यावर ठेवला, आणि त्या दिवशी मी पांढऱ्या खोलीच्या आत गेले. आत कुणी नव्हतं. अंथरूण तेवढं घातलेलं होतं. माझ्यासाठी घातलंय हे पाहिल्याबरोबर कळलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी आडवी झाले.

बाहेर काय झालं ते मला मागाहून सांगितलं. हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, मी डोळे उघडेना. गाल बर्फाला चिकटला होता. भोंग्याने कोमट पाणी ओतून तो सोडवला आणि मला उचलून टेम्पोत घातलं. सासूबाई शेजारी बसल्या. घाईगर्दीत वाडगं हातातच राहिलं, ते घेऊनच त्या दवाखान्यात शिरल्या.

डॉक्टरीणबाई बुटक्या, चष्मा डोक्यावर ढकलून तोच टेबलावर शोधणाऱ्या. तोवर मी शुद्धीवर आले होते. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखं उलटसुलट करून पाहिली, रक्त काढून आत पाठवलं आणि मग एकदम विचारलं, "बर्फ खाता का?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. वाडगं तर सासूबाईंनी पदराआड घेतलं होतं. भोंग्याने हळूच, म्हणजे बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"खाते म्हणजे काय," सासूबाई सावरून बसत म्हणाल्या, "मोठं वाडगं संपवते. मी निवडून देते ना. आमच्याकडे डोहाळे बर्फाचेच असतात."

"हे डोहाळे नाहीत, बाई. अंगात रक्त कमी झाल्याची खूण आहे."

"बर्फाने रक्त कमी होतं?" सासूबाईंचा आवाज बसला.

"उलटं आहे. अंगातलं लोह संपत आलं की काहींना बर्फ खावासा वाटतो. का ते आम्हालाही धड माहीत नाही. कुणाला माती खावीशी वाटते, कुणाला खडू. दुसऱ्या एखाद्या घरात सून दिवसभर बर्फ फोडत बसली असती तर कुणीतरी चमकलं असतं. तुम्ही वाडगं भरून दिलंत."

तेवढ्यात आतून चिठ्ठी आली. हिमोग्लोबिनचा आकडा होता सहा पॉइंट आठ. अकरा तरी हवा होता. डॉक्टरीणबाईंनी चष्मा शोधून डोळ्यांवर लावला आणि माझ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करत सांगितलं. बाळ आपल्याला हवं ते आईच्या अंगातून ओढून घ्यायला बघतं, आईसाठी काय उरलं ते विचारत नाही. असंच चाललं तर त्यालाही पुरणार नाही, ते बारीक राहील, लवकर येईल. आणि बाळंतपणात थोडं रक्त प्रत्येकीचं जातं. "जिच्या अंगात भरपूर आहे तिला कळतही नाही. तुमच्याजवळ घालवायला काही शिल्लक नाही. थोडं जास्त गेलं तर तुम्ही आमच्या हाती लागणार नाही. दोन महिने आहेत. तेवढ्यात हा आकडा वर न्यायचा."

"म्हणजे ही..." भोंगा म्हणाला आणि थांबला. त्याला खरं कुजबुजता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मला भीती वाटली ती घरी आल्यावर, संध्याकाळी, पाय वर करून पडले असताना. त्या अंथरुणावर आडवं होताना किती बरं वाटलं होतं ते आठवलं आणि अंगावर काटा आला. मला मरायचं नव्हतं. मला त्या पोराला उचलून घ्यायचं होतं, त्याच्यावर ओरडायचं होतं, त्याच्या शाळेच्या चड्ड्या शिवायच्या होत्या. आणि माझ्याच अंगातलं कुणीतरी, अगदी गोड बोलून, मला तिथून घेऊन जायला निघालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सलाईनमधून लोह द्यायला सुरुवात झाली. एक दिवस आड जायचं आणि खिडकीशेजारच्या कॉटवर पडून राहायचं. ते औषध काळपट तपकिरी असतं, फार उकळलेल्या चहासारखं. नळीतून ते खाली यायचं, थेंब थेंब, आणि बघता बघता माझा डोळा लागायचा. लादीतल्या त्या स्वच्छ भिंतींवरून आता तपकिरी ओघळ उतरायला लागले होते. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. चालताना पाय ओले व्हायचे. पुढे पुढे त्या वाटा इतक्या विरघळल्या की पांढरी खोली कुठल्या बाजूला होती ते मला सापडेना. खोटं कशाला बोलू, जागी झाल्यावर थोडं वाईटही वाटायचं.

आठवडा उलटला असेल. एका सकाळी सासूबाईंनी वाडगं पुढे केलं, मी कपची तोंडात टाकली, आणि ती नुसतंच गोठलेलं पाणी लागली. दात शिवशिवले. दुसरी घेऊन पाहिली, तीही तशीच. मी वाडगं परत केलं.

"का गं?"

"नको वाटतंय, आई."

"कडेचा आहे. आत्ताच काढलाय."

"छान आहे हो, पण नकोच."

सासूबाई दोन दिवस माझ्याशी घुम्यासारख्या वागल्या. मी औषध घेते याचं त्यांना बरंच वाटत होतं, पण बर्फ नको म्हणणं त्यांना घर नको म्हटल्यासारखं लागलं. माझ्या वाट्याचं वाडगंही मग त्याच संपवायला लागल्या. आणि माझं डोकं आता ठिकाणावर यायला लागलं होतं, पडदा विरळ झाला होता, त्यामुळे तीन वर्षांत जे दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं. तीच कुडुम कुडुम. तसेच मिटणारे डोळे. खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या बोटांची नखं, कडेने तुटलेली, आणि त्यांनी तर गेल्या कित्येक वर्षांत मिठाच्या पाण्यात हात घातला नव्हता.

"आई, उद्या तुम्हीपण रक्त तपासून घ्या."

"मला काय बाळंत व्हायचंय?"

"नाही तपासलंत तर मी सलाईन लावून घेणार नाही."

आता ही शुद्ध दमदाटी होती, आणि पोट पुढे असलं की ती करता येते. सासूबाई आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांचीही पापणी ओढून पाहिली. विचारलं, "किती वर्षं?"

"काय किती वर्षं?"

"बर्फ."

"मुलगा पोटात होता तेव्हापासून. सव्वीस झाली."

"अंगावरून जास्त जातं?"

सासूबाईंनी जमिनीकडे बघितलं. "जातं. बायकांचं जायचंच."

"आणि त्याच्या बाळंतपणात?"

"तेव्हा फार गेलं होतं. गादी टाकून द्यावी लागली. पण वाचले की."

आकडा सात आला. "हिच्यापेक्षा माझा मोठा," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी पोटाची तपासणी लिहून दिली, औषधं लिहून दिली आणि म्हणाल्या, "सव्वीस वर्षं तुम्ही अशाच चालत आलात?"

"चाललेय कुठे. बसूनच आहे."

मग आम्ही दोघी जोडीने जायला लागलो. शेजारी शेजारी दोन कॉट, दोन बाटल्या, दोघींच्या हाताला नळ्या. खिडकीचा पडदा वाऱ्याने आत यायचा, पुन्हा बाहेर जायचा. नर्स म्हणायची, सासू-सुना एका वेळी गप्प बसलेल्या मी पहिल्यांदाच बघतेय. अर्धवट झोपेत मला त्यांच्या बाटलीतले थेंब माझ्याच बाटलीतले वाटायचे. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "ऐक ना. अंगात रक्त नसलं की मनही थंड पडतं का गं?"

"काय म्हणालात?"

"काही नाही. झोप तू."

मी झोपले. पण तेव्हापासून त्या गप्प गप्प झाल्या. घुम्या नव्हे, गप्प. पुढे त्यांचंही वाडगं सुटलं. एका दुपारी त्यांनी ते पालथं घालून खुर्चीखाली ठेवून दिलं, स्वतः उठून धक्क्याच्या टोकापर्यंत गेल्या आणि तिथे उभ्या राहून लाद्या उतरताना बघत राहिल्या. कामगारांची पाचावर धारण बसली. बाई उठल्या म्हणजे कुणाचं तरी काहीतरी चुकलं असणार, असं समजून सगळ्यांनी धक्का धुऊन काढला.

माझा आकडा दहाच्या जवळ पोचला आणि दिवस भरले.

बाळंतपण सुखाचं होणार नव्हतंच, हे डॉक्टरीणबाईंनी आधी सांगून ठेवलं होतं. पोरगी झाली, रडली, तिचा आवाज मी ऐकला, आणि मग खोलीतली धावपळ वाढली. अंगाखाली ऊन ऊन काहीतरी पसरत होतं. कुणीतरी माझं पोट जोरजोरात चोळत होतं, कुणी इंजेक्शन मागत होतं. मला त्या गडबडीशी काही देणंघेणं राहिलं नाही. भिंती स्वच्छ व्हायला लागल्या. इतक्या दिवसांनी ती वाट पुन्हा सापडली होती, तिच्या टोकाला पांढरं दार होतं, आणि मला धावायचीसुद्धा गरज नव्हती, वाटच मला घेऊन चालली होती. मी म्हटलं, थांबा. कुणाला म्हटलं कोण जाणे. म्हटलं, मला तिला बघायचंय अजून. तेवढं म्हणायला मला जोर लागला, आणि आश्चर्य हे की तो होता. कुठेतरी आत, तळाशी, थोडा शिल्लक होता. मी दाराला पाय लावून उभी राहिले आणि स्वतःला मागे लोटत राहिले, कुणी माझं नाव घेऊन हाका मारत होतं, मी हूं म्हणत होते, पुन्हा हूं म्हणत होते, आणि हळूहळू छतावरचा पंखा दिसायला लागला.

"थांबलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा चष्मा नाकाच्या टोकावर आला होता आणि कपाळावरून घाम गळत होता. "दोन महिन्यांपूर्वी एवढं गेलं असतं ना, तर मी आत्ता तुमच्याशी बोलत नसते."

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनीही ते ऐकलं.

घरी आल्यानंतरची गोष्ट. दुपार होती. कारखान्याची धडधड जमिनीतून पायांना लागत होती, बाळ पाळण्यात, मी पलंगावर, सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. पोरगी रडायला लागली. मी हातावर जोर देऊन उठले. डोळ्यांपुढे जरा अंधारलं, ते जाईपर्यंत थांबले, मग पाळण्यापर्यंत गेले आणि तिला उचलून घेतलं. वळून बघते तर सासूबाईंच्या हातातली घडी तशीच राहिलेली.

"उठलीस तू," त्या म्हणाल्या.

"रडतेय ना ती."

"तो पण रडायचा. मला ऐकू यायचं." त्यांनी दुपटं मांडीवर ठेवलं. "पाळणा असाच होता, हाताच्या अंतरावर. माझा हात उचलला जायचा नाही. हाताचं सोड, उचलावं असं मनातच यायचं नाही. वाटायचं, रडू दे, दमला की थांबेल. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मग सासू यायची, त्याला घ्यायची, आणि जाताना म्हणायची, ही आई आहे की लादी."

मी पोरीला थोपटत उभीच राहिले.

"सगळ्या घराने तेच धरलं. मी पण धरलं. मला वाटत आलं, सगळ्या बायकांना मिळते ती माया माझ्यात घालायचीच राहिली. मग ती लादीची गोष्ट सांगत सुटले. अख्खी लादी कोण खाईल? पण त्याच्यासाठी काहीतरी केलं असं दाखवायला माझ्याजवळ तेवढंच होतं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "त्याला मी कधी रागावलेली बघितलीस? लहानपणी सुद्धा नाही. शेजारणी म्हणायच्या, किती गरीब आई. गरीब कसली. रागवायला हक्क लागतो गं."

तीन वर्षं मी मनातल्या मनात चडफडले होते की या बाईने मुलाला डोक्यावर बसवून ठेवलंय. "ते रक्तच होतं, आई," मी म्हटलं. "अंगात रक्तच नव्हतं तुमच्या. उठणार कशाने?"

"विचारलं मी डॉक्टरला. काल जाऊन. मुद्दाम." त्यांनी मांडीवरचं दुपटं सारखं केलं. "ती पण हेच म्हणाली. अंगात रक्त नसलं की मनही उठत नाही म्हणाली. मी तिला तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा तेच म्हणाली."

आणि नेमका तेव्हा भोंगा आला. मशीन थांबवून तसाच पळत आला होता, कोपरापर्यंत काळं तेल. माझ्या कुशीतल्या पोरीकडे बघून त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

"तसाच आलास?" सासूबाई म्हणाल्या.

त्याचे हात हवेतच राहिले.

"हात बघ ते. एवढं तान्हं पोर आहे आणि तेलकट हातांनी घ्यायला निघालास? गाढवा, अक्कल आहे की नाही तुला? जा, आधी हात धुऊन ये."

पोरगीसुद्धा रडायची थांबली. भोंगा आईकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या सव्वीस वर्षांच्या दांडग्या माणसाचा चेहरा सहा वर्षांच्या पोरासारखा झाला. तो तसाच मोरीकडे गेला. नळ सुटल्याचा आवाज आला. मी पोरीच्या दुपट्यात तोंड घालून रडत होते, आणि सासूबाई उठून मोरीच्या दारापर्यंत गेल्या होत्या, कमरेवर हात ठेवून, मान पुढे काढून.

"साबण लाव," त्या म्हणत होत्या. "कोपरापर्यंत. पाठीमागून पण. नीट."